पीजचे प्रक्षेपण केंद्र : ‘प्रयोग’ या संज्ञेची चिकित्सा

भारतीय दूरचित्रवाणीचा इतिहास लिहिणाऱ्या बहुतेक ग्रंथकारांनी गुजरातमधील पीज येथील लहानशा प्रक्षेपण केंद्राची दखल घेतली आहे. खेडा जिल्ह्यात, नडियादच्या जवळ असलेल्या या गावातून १९७५ पासून १९८५ पर्यंत, म्हणजे सुमारे दहा वर्षे, जिल्ह्यातील खेड्यांसाठी गुजरातीतून कार्यक्रम प्रक्षेपित होत असत. ‘खेडा संज्ञापन प्रकल्प’ या नावाने तो उपक्रम ओळखला जातो. ग्रामीण संज्ञापनातील परिणामकारकतेबद्दल त्यास युनेस्कोचे पारितोषिकही मिळाले. या केंद्राविषयी जे लिहिले गेले आहे त्याचा सूर सामान्यतः गौरवाचा आहे, आणि तो अनाठायी नाही. परंतु या गौरवपर लेखनात एक शब्द सर्वत्र इतक्या सहजपणे येतो की त्याची तपासणी करण्याची गरज सहसा कोणास वाटलेली नाही. तो शब्द म्हणजे ‘प्रयोग’.

मराठीत या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत करतो तो एक प्रयोग. नाटकमंडळी रंगभूमीवर करतात तो दुसरा. पहिल्या प्रकारचा प्रयोग निष्कर्ष हाती आला की संपतो. तो यशस्वी झाला तरी संपतो आणि अयशस्वी झाला तरी संपतो. त्याची उपकरणे आवरून ठेवण्यात कोणास काही वावगे वाटत नाही. दुसऱ्या प्रकारच्या प्रयोगाची गोष्ट याच्या उलट आहे. तो रंगला म्हणजे पुढचा प्रयोग लागतो, आणि प्रेक्षक पुन्हा येतील हे त्यात गृहीतच असते. पीजच्या केंद्राचा इतिहास आजवर पहिल्या अर्थाच्या चौकटीत लिहिला गेला. त्यामुळे त्याचे बंद होणे हे इतिहासकारांना एखाद्या प्रकल्पाची मुदत संपावी तसे स्वाभाविक वाटले. पीजच्या प्रेक्षकांना मात्र ते तसे वाटले नव्हते. केंद्र बंद करण्यास त्यांनी विरोध केला, ही गोष्ट नोंदवली गेली आहे. पण ती बहुधा एखाद्या वाक्यात उरकली जाते.

ही चौकट आली कोठून, हे पाहण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. दूरचित्रवाणी प्रथम मोठ्या शहरांत यावी आणि तेथून सावकाश खेड्यांकडे झिरपत जावी, हा क्रम विक्रम साराभाई यांना मान्य नव्हता. जेथे शाळा, वृत्तपत्र आणि पक्का रस्ता सर्वांत शेवटी पोहोचतात तेथेच हे नवे साधन सर्वांत आधी पोहोचले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. दिल्लीच्या आसपासच्या ८० खेड्यांसाठी २६ जानेवारी १९६७ रोजी सुरू झालेला ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम याच विचाराचे फळ होय. सप्टेंबर १९६९ मध्ये भारताच्या अणुशक्ती विभागाने अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेशी करार केला, आणि त्या करारातून ‘साइट’ या नावाने प्रसिद्ध झालेली उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीची योजना आकारास आली. साराभाईंचे डिसेंबर १९७१ मध्ये निधन झाल्यामुळे त्यांना ती पाहावयास मिळाली नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात आंध्र प्रदेश, कर्नाटक, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांमध्ये कृत्रिम उपग्रहावरून थेट कार्यक्रम दिसू लागले. या योजनेच्या व्यवस्थापनाची धुरा कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस यांनी वाहिली, हे मराठी वाचकांस ठाऊक असणे इष्ट आहे. आणीबाणी पुकारली गेल्यास तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते, ही गोष्टही विसरता येत नाही. खेड्याला बोलते करावयाचे हे ब्रीद आणि देशाचे तोंड बंद करणारा काळ, या दोहोंचा आरंभ एकाच पावसाळ्यात झाला.

सहा राज्यांच्या या यादीत गुजरात नाही. खेडा जिल्ह्यातील प्रक्षेपण याच सुमारास सुरू झाले व ‘साइट’चे कार्यक्रमही तेथे दाखवले गेले, म्हणून इतिहासकार या दोहोंचा विचार एकाच प्रकरणात करतात. तांत्रिक दृष्ट्या मात्र त्या दोन भिन्न जातीच्या गोष्टी होत्या. सहा राज्यांतील खेड्यांत सुमारे तीन मीटर व्यासाच्या जाळीदार तबकड्या बसवून आकाशातील उपग्रहाकडून चित्र घेतले जात असे. खेड्यात तबकडीची गरज नव्हती. अहमदाबाद येथील अंतराळ उपयोग केंद्राच्या स्टुडिओतून सूक्ष्मलहरींच्या दुव्याने कार्यक्रम पीजला येत, आणि तेथील एक किलोवॅट शक्तीच्या प्रक्षेपकावरून ते सभोवतालच्या सुमारे ३५ किलोमीटरच्या टापूत साध्या संचावर दिसत. उपग्रह अमेरिकेचा होता. तो ठरल्याप्रमाणे वर्षाअखेर पुन्हा पश्चिमेकडे नेण्यात आला. पीजचा मनोरा जमिनीत रोवलेला होता. तो जागेवर राहिला, आणि त्याबरोबर केंद्रही आणखी नऊ वर्षे चालू राहिले. तेव्हा ‘साइट’ला प्रयोग म्हणणे यथार्थ आहे, कारण त्याची मुदत करारातच लिहिलेली होती. तीच संज्ञा पीजला लावताना एका वर्षाच्या योजनेचे नाव दहा वर्षांच्या नित्य व्यवहाराला चिकटवले गेले.

या केंद्राचे सामर्थ्य त्याच्या लहानपणात होते, हे विधान वरवर पाहता विपरीत वाटेल. उपग्रहाच्या छत्राखाली अनेक भाषांचे प्रदेश येत होते, त्यामुळे ‘साइट’च्या कार्यक्रमकर्त्यांना कोणत्याही एका गावाविषयी बोलणे कठीण होते, शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन असे सर्वत्र लागू पडणारे विषय सर्वत्र लागू पडणाऱ्या भाषेत मांडावे लागत. पीजच्या ३५ किलोमीटरच्या वर्तुळात मात्र चरोतर नावाचा प्रदेश बहुतांशी सामावला होता. चरोतरला स्वतःचे असे व्यक्तिमत्त्व आहे. १९१८ चा खेडा सत्याग्रह येथील शेतकऱ्यांचा. ‘सरस्वतीचंद्र’कार गोवर्धनराम त्रिपाठी नडियादचे. १९४६ मध्ये नोंदणी झालेला आणि पुढे ‘अमूल’ या नावाने देशभर गाजलेला दूध उत्पादकांचा सहकारी संघ आणंदचा. तंबाखूची शेती, सधन पाटीदार आणि त्यांच्या शेतांवर राबणारे भूमिहीन हेही याच प्रदेशाचे वास्तव. अशा टापूत सुमारे ४०० गावांमध्ये सहाशेहून अधिक सार्वजनिक दूरचित्रवाणी संच बसवण्यात आले. पुष्कळ ठिकाणी ते दूध उत्पादक मंडळीच्या इमारतीत होते. संध्याकाळचे दूध घालण्यासाठी माणसे तेथे येतच असत. दूध घालून झाल्यावर ती कार्यक्रमासाठी थांबत. संस्था, वेळ आणि जागा ही तिन्ही गावाच्या दिनक्रमात आधीच होती, केंद्राने त्यांचा आधार घेतला. (दूध घालण्यासाठी दारी जनावर लागते. ज्यांच्या दारी ते नव्हते त्यांना त्या ओटीवर बसण्यास किती मोकळीक वाटत असेल, हा प्रश्न संचांची संख्या मोजून सुटणारा नाही.)

या लहानपणाचे मोल कळण्यासाठी महाराष्ट्रातील समकालीन उदाहरण पाहावे. मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढील वर्षी पुण्यासाठी सिंहगडावर प्रक्षेपक उभा राहिला. सिंहगडाची उंची आणि आवाका पीजच्या केंद्राला कधीच लाभला नसता. परंतु सिंहगडावरून होत होते ते मुंबईच्या कार्यक्रमांचे सहक्षेपण. पुणे, मावळ किंवा सासवड यांना त्या यंत्रावरून स्वतःविषयी काही सांगण्याची सोय नव्हती. प्रक्षेपक असणे आणि केंद्र असणे यांतील हा भेद इतिहासग्रंथांतील कोष्टकांत दिसत नाही, कारण कोष्टकात दोहोंचीही गणना किलोवॅटमध्ये होते.

पीजच्या कार्यक्रमांची भाषा हा खरोखर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. आकाशवाणीच्या गुजरातीत बोलणारा निवेदक आणि ‘पाणी’ला ‘पोणी’ म्हणणारा चरोतरचा शेतकरी यांच्यामधील अंतर हे पुण्याच्या निवेदकाची भाषा आणि वऱ्हाडातल्या किंवा कोकणातल्या घरची बोली यांच्यामधील अंतरासारखेच आहे. प्रमाणभाषेतून उपदेश ऐकणारा श्रोता तो आदराने ऐकतो, पण आपल्याविषयी चालले आहे असे त्यास वाटत नाही. खेडा प्रकल्पातील कार्यक्रमकर्ते आणि त्यांच्या सोबत काम करणारे समाजशास्त्राचे अभ्यासक गावोगाव फिरून विषय निवडीत, गावकऱ्यांशी बोलून संहितेचे खर्डे तयार करीत, आणि अनेकदा गावकऱ्यांनाच भूमिका देत. अस्पृश्यता, मद्यपान, शेतमजुरांचे किमान वेतन, सहकारी संस्थांचा कारभार, स्त्रियांना मिळणारी वागणूक असे विषय त्यांतून हाताळले गेले. बोलीला येथे विनोदनिर्मितीसाठी पाचारण केलेले नव्हते. पिळवणुकीची तक्रार ज्या भाषेत घरी केली जाते त्याच भाषेत ती पडद्यावर यावी, एवढा साधा आणि तेव्हा जवळजवळ कोठेही न पाळला जाणारा नियम त्यामागे होता.

या केंद्राच्या नाट्यात्म मालिकांपैकी दोन विशेष उल्लेखिल्या जातात. ‘चतुर मोटा’ या मालिकेत हुंडा, विधवाविवाह अशा प्रश्नांची चर्चा होती. ‘हूं ने मारा ए’ ही कुटुंबनियोजनाशी संबंधित. दुसरीचे नाव मराठी माणसाला भाषांतरावाचून समजावे असे आहे. ‘मी आणि आमचे हे’ हाच त्याचा अर्थ. पतीचे नाव न घेण्याची रीत त्यात पाळली आहे. परंतु वाक्याच्या आरंभी ‘मी’ आहे आणि तो ‘मी’ स्त्रीचा आहे. शासकीय प्रचारपत्रकांत स्त्री ही नेहमी तृतीय पुरुषी, ‘माता’ किंवा ‘गृहिणी’ म्हणून येते. येथे ती बोलणारी आहे आणि ‘हे’ तिच्या बोलण्याचा विषय आहेत. मर्यादा न मोडता कर्तृपद बदलण्याची ही किमया गावातील भाषा जवळून ऐकल्याखेरीज साधणारी नव्हती.

‘चतुर मोटा’ या नावाविषयी मात्र इतके निःशंकपणे बोलता येत नाही. मोटा म्हणजे वडीलधारा. चतुर वडीलधाऱ्याच्या मुखातून सुधारणेचा विचार यावा ही योजना श्रोत्यांस पटण्याजोगी खरीच. पण हुंडा आणि वैधव्याचे निर्बंध हे वडीलधाऱ्यांच्या अधिकारावरच टिकून असतात. त्या अधिकाराचा आधार घेऊन त्याच्याच परिणामांवर टीका करावयाची, यात एक अंतर्विरोध आहे, आणि विकाससंज्ञापनाच्या अभ्यासकांनी तो फारसा हाती घेतलेला नाही. गुजरातच्या लोकनाट्यपरंपरेत याला पर्याय उपलब्ध होता. भवाईत शहाणपण वडीलधाऱ्याकडे नसते, ते रंगल्याकडे असते. आपल्या तमाशातील सोंगाड्याप्रमाणे तो मूर्खपणाचे सोंग घेऊन राजाला, सावकाराला आणि नायकालाही टोकतो. परंपरेने भवाईचा जनक मानल्या गेलेल्या असाईत ठाकरला जातीने बहिष्कृत केले होते, अशी आख्यायिका आहे. या नाट्यप्रकाराचे मूळच वडीलधाऱ्यांच्या निर्णयाविरुद्ध आहे असे म्हटले तरी चालेल. हा पर्याय पुढे वापरला गेला तो चित्रपटात. पुण्याच्या चित्रपटसंस्थेत शिकलेले केतन मेहता यांनी अहमदाबादला अंतराळ संशोधन संस्थेच्या दूरचित्रवाणी विभागात काही काळ काम केले होते. त्यांचा ‘भवनी भवाई’ हा अस्पृश्यतेवरील चित्रपट १९८० चा. तो असाईत ठाकर आणि ब्रेख्त या दोघांनाही अर्पण केलेला असून त्याला परस्परविरोधी असे दोन शेवट आहेत. विकासकार्यक्रमाला दोन शेवट परवडत नाहीत. प्रेक्षकाने कोणता निष्कर्ष घेऊन घरी जावे हे त्यात आधीच ठरलेले असते, आणि पीजच्या नाट्यलेखनाची मर्यादा कोणती, असे विचारल्यास याच ठिकाणी बोट ठेवावे लागते.

नाट्यसमीक्षेने हे प्रश्न विचारावयास हवे होते. पण पीजचे मूल्यमापन प्रायः संज्ञापनशास्त्राकडे राहिले. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांच्या ‘इंडियाज इन्फर्मेशन रेव्होल्यूशन’ (१९८९) या ग्रंथात खेडा प्रकल्पाचे आस्थापूर्वक विवेचन आहे. रॉजर्स हे नवविचारांच्या प्रसाराच्या सिद्धान्ताचे प्रवर्तक, आणि त्या परंपरेतील पाहणीचा मुख्य प्रश्न असा असतो की कार्यक्रम पाहून प्रेक्षकाच्या ज्ञानात, वृत्तीत व आचारात किती फरक पडला. प्रश्न उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु तो प्रेक्षकाला ग्रहण करणारा मानतो. चरोतरमधील ज्या माणसांनी या नाट्यांत भूमिका केल्या, ज्यांच्या तक्रारींतून संहिता घडल्या, ती माणसे या मोजणीत प्रेक्षक म्हणूनच नोंदली जातात. सहलेखक म्हणून त्यांना स्थान नाही. परिणाम मोजण्याची ही दृष्टी आणि ‘प्रयोग’ ही संज्ञा एकमेकींना पूरक आहेत. परिणाम मोजून झाला की मोजणाराचे काम संपते.

केंद्राच्या अंताकडे वळताना पार्श्वभूमी संक्षेपाने सांगितली पाहिजे. दूरचित्रवाणी १ एप्रिल १९७६ रोजी आकाशवाणीपासून विभक्त होऊन ‘दूरदर्शन’ झाली. त्याच वर्षाच्या आरंभापासून तिच्यावर जाहिराती येऊ लागल्या होत्या. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रमाचे प्रक्षेपण सुरू झाले, नोव्हेंबरातील आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंगीत चित्र आले, आणि नंतरच्या दोन-तीन वर्षांत देशभर प्रक्षेपकांची संख्या झपाट्याने वाढली. पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दूरचित्रवाणीला भारतीय व्यक्तिमत्त्व कसे यावे याविषयी १९८४ मध्ये अहवाल दिला व विकेंद्रीकरणाचा आग्रह धरला. शासन मात्र त्या वेळी विस्ताराच्या उत्साहात होते. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या ‘हम लोग’ या मालिकेचाही मूळ हेतू कुटुंबनियोजनाचाच होता. तिने देशाला एका वेळी एका हिंदी कुटुंबापुढे बसवले. अहमदाबाद येथे अधिक शक्तीचा प्रक्षेपक आल्यावर खेडा जिल्हाही त्याच्या टप्प्यात आला, आणि मग पीजच्या यंत्राची आवश्यकता उरली नाही असे ठरले. १९८५ मध्ये केंद्र बंद झाले. प्रक्षेपक मद्रास शहराच्या दुसऱ्या वाहिनीसाठी नेण्यात आला.

या निर्णयामागील युक्तिवाद तांत्रिक दृष्ट्या बिनतोड आहे, आणि त्यातच त्याचा दोष आहे. एका मोठ्या वर्तुळात लहान वर्तुळ सामावले म्हणजे लहान वर्तुळ अनावश्यक ठरते, हे भूमितीत खरे. परंतु मोठ्या वर्तुळाला चरोतरी बोलता येत नाही; त्याला संपूर्ण प्रांतास समजेल असेच बोलावे लागते, आणि आणंदजवळच्या एखाद्या गावातील मजुरीचा प्रश्न त्यात बसत नाही. खेडा जिल्ह्याने गमावले ते चित्र नव्हे. चित्र तर पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसू लागले असेल. जिल्ह्याने गमावली ती आपल्याविषयी आपल्यातच बोलण्याची जागा. या गोष्टीला मोजमापाचे एकक नसल्यामुळे निर्णय घेताना ती तराजूत पडली नाही.

येथे गौरवपर इतिहासांनी टाळलेला प्रश्न विचारणे प्राप्त आहे. केंद्र बंद करण्यास एवढे अल्प कष्ट का पडले? अंतराळ संशोधन संस्था काय किंवा दूरदर्शन काय, दोन्ही केंद्र सरकारच्या अधीन. १८८५ च्या तारयंत्र कायद्याने प्रक्षेपणाचा अधिकार शासनाकडे एकवटलेला होता. पीजचे केंद्र बोलीने चरोतरचे होते, विषयांनी चरोतरचे होते, त्यातील चेहरे चरोतरचे होते. मालकीने ते चरोतरचे कधीच नव्हते. ज्या दूध मंडळीच्या ओटीवर संच ठेवला होता त्या मंडळीच्या कारभारात सभासदाला मत होते, संघाचे अध्यक्षपद निवडणुकीने भरले जात होते. त्याच ओटीवर दिसणाऱ्या कार्यक्रमाच्या भवितव्यात सभासदाला मत नव्हते. सहकाराचे एवढे मोठे उदाहरण शेजारी असताना केंद्राची रचना त्या धर्तीवर करण्याचा विचार पुढे गेला नाही. स्थानिकता ही वरून दिलेली देणगी राहिली, आणि देणाऱ्याने ती परत घेतली. ‘प्रयोग’ या संज्ञेने या गोष्टीवर जे पांघरूण घातले ते अभ्यासकांनी आता काढावयास हवे, कारण तोपर्यंत पीजच्या बंद पडण्याचा विचार धोरणाची चूक म्हणून होईल, रचनेची उणीव म्हणून होणार नाही.

पुढील घटनाक्रम हा भेद अधिक स्पष्ट करतो. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर सामुदायिक नभोवाणीसाठी २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना परवाने देण्याचे धोरण आले. ते नभोवाणीपुरतेच होते. दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात पीजचा वारसा सांगणारा उपक्रम १९९६ मध्ये मध्य प्रदेशातील झाबुआ या आदिवासीबहुल जिल्ह्यात सुरू झाला. तोही अंतराळ संशोधन संस्थेचाच. तेथे १५० गावांत ग्रहणसंच होते आणि १२ ठिकाणांहून गावकऱ्यांना प्रश्न विचारता येत होते. उत्तरे देणारा स्टुडिओ अहमदाबादला होता.